काठाखाली दोन बोटं

विश्रामबाब चहा ओतायच्या आधी कपाच्या काठाखाली बाहेरून दोन बोटं आडवी धरायचे. खालच्या बोटापाशी अंगठ्याचं नख टेकवायचे आणि मग किटली वाकवून बरोबर त्या नखापर्यंत चहा आणून थांबायचे. पाहुणा असो की मालक, यातून कुणालाही सूट नव्हती. आमचे मालक उदयबाब यांनी एकदा कुरकुर केली, की माझ्याच ऑफिसात मला कधी भरलेला कप मिळत नाही. त्यावर विश्रामबाबांनी शांतपणे विचारलं, "तुमका चाय कपात होयी काय बशीत?" दुसऱ्या दिवशी उदयबाब घरून मोठा कप घेऊन आले. विश्रामबाबांनी त्यालाही दोन बोटं लावली.

पहिल्या दिवशी मी त्यांना चहा करणारे गृहस्थ समजले. म्हापशाच्या बाजाराजवळ हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. मी नुकतीच इंजिनिअर झालेली, इब्रामपूरहून दोन बस बदलून आलेली, आणि समोर हा साठीकडे झुकलेला, हाफ शर्टातला, कानावर पेन्सिल ठेवलेला माणूस किटली घेऊन उभा. मी रिकामा कप पुढे केला आणि साखर कमी सांगितली. त्यांनी साखर कमी घातली, दोन बोटं सोडून चहा ओतला, आणि कपाबरोबर एक कागद हातात दिला. मुलाखतीच्या वेळी मी लिहिलेला प्रोग्रॅम होता तो. त्यावर पेन्सिलीने अकरा गोल काढलेले होते. "अकरा जागी सांडता," ते म्हणाले, आणि जाऊन स्वतःच्या खुर्चीत बसले. तेव्हा मला कळलं की कंपनीतला सगळा कोड तपासणारे ते हेच.

विश्रामबाब गवसांचं घराणं मूळचं दोडामार्गाकडचं. वडील खाणीवर कामाला म्हणून डिचोलीला आले आणि तिथलेच झाले. विश्रामबाबही खाणीवर लागले. त्यांचं काम काय, तर फाटकात उभं राहून माल भरून बाहेर पडणारा एकेक टिपर, म्हणजे खाणीचा ट्रक, बघायचा. माल काठाच्या खाली वीतभर हवा आणि वर ताडपत्री घट्ट बांधलेली हवी, नाही तर गाडी मागे. ड्रायव्हर त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. एका पावसाळ्यात दुसऱ्या कुणाच्या पाळीत सुटलेला एक टिपर वळणावर इतका सांडला की खालच्या शेतात लाल चिखल उतरला. लावणी नुकतीच झाली होती. पाळी आपली नसताना विश्रामबाब टोपली घेऊन दोन दिवस त्या शेतात वाकले. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या लेकीने सांगितलं. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की सांडणाऱ्याचं काही जात नाही, जातं ते शेजाऱ्याचं.

मग खाणी बंद पडल्या. डिचोलीत घराघरात पुरुष माणसं दुपारची घरी दिसू लागली. विश्रामबाब खाणीतल्या वजनकाट्याची यंत्रं दुरुस्त करायला शिकले होते, त्या यंत्रांतला प्रोग्रॅम वाचता यावा म्हणून लेकीचं सी भाषेचं पुस्तक घेऊन बसले, आणि बसले ते उठलेच नाहीत. पन्नाशीनंतर माणसं गुडघे सांभाळतात, यांनी प्रोग्रॅममधले पॉइंटर सांभाळले. उदयबाबांनी त्यांना ठेवून घेतलं ते यंत्रं दुरुस्त करायला. पण महिन्याभरात त्यांनी कंपनीचा जुना कोड वाचून पेन्सिलीने इतके गोल काढले, की उदयबाबांनी त्यांना तेच काम दिलं. आज, हे सांगताना, ते वास्कोला लेकीकडे राहतात. माझा कोड अजूनही त्यांच्याकडे जातो आणि अजूनही परत येतो.

आमची कंपनी बसवर बसवायची एक पेटी बनवत होती. पेटीत छोटा संगणक. ड्रायव्हरने समोरच्या पडद्यावर गावाचं नाव निवडलं, की बसच्या कपाळावरच्या बोर्डावर ते मराठीत उजळणार. तिकिटाचं मशीन आणि बसमधली गाणीही त्याच पेटीतून. बोर्ड चालवणारा भाग आम्ही ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये घातला होता. बाहेरचा साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा पडतो. कर्नलमध्ये सगळे एकाच पंगतीला, मध्ये पडदा नाही, भिंत नाही. एकाने नावासाठी जागा राखली सोळा घरांची, म्हणजे बाइटची, आणि ओतली एकोणीस घरं, तर वरची तीन शेजाऱ्याच्या पानात जातात. शेजारी कोण असेल ते सांगता येत नाही. तो गाण्याचा भाग असेल, तिकिटाचा असेल, किंवा ज्याच्या जिवावर सगळी पेटी चालते तोही असेल.

म्हणून एका जागेवरचं नाव दुसऱ्या जागी उतरवणं, हे बाहेरून शेंबड्या पोरालाही जमेलसं काम, विश्रामबाबांच्या लेखी सगळ्यात जोखमीचं. त्यासाठी सी भाषेत जी फंक्शनं आहेत त्यांना ते टिपरचे ड्रायव्हर म्हणूनच ओळखायचे. स्ट्रकॉपी हा डोळे मिटून ओतणारा, मागची गाडी केवढी आहे ते बघतच नाही. स्ट्रएनकॉपी हद्दीवर थांबतो, पण गाडी काठोकाठ भरली की ताडपत्री बांधायला विसरतो. नाव इथे संपलं हे सांगणारा शेवटचा शून्य, तो म्हणजे ताडपत्री. तो नसला की वाचणारा पुढे वाचतच जातो, शेजाऱ्याच्या घरात शिरतो. स्ट्रएलकॉपी ताडपत्री बांधतो खरा, पण त्याला एक खोड. गाडी भरली तरी खाणीतला सगळा ढीग शेवटपर्यंत मोजून आल्याशिवाय तो निघत नाही, आणि ढिगाला शेवटच नसेल तर परत येत नाही. कर्नल लिहिणाऱ्यांनी त्याला कायमचं घरी बसवलं तेव्हा विश्रामबाबांनी आम्हाला भजी खायला घातली. राहिला स्ट्रएसकॉपी. हा हद्दीत थांबतो, ताडपत्री बांधतो, आणि माल मावला नाही तर परत येऊन तसं सांगतो. "ह्यो एक घरंदाज," असं विश्रामबाब म्हणायचे.

त्यांची वाक्यं ठरलेली होती. "आधी भांडा बघ, मगे वत." हे दिवसातून निदान तीनदा. आणि दुसरं, जे मला तेव्हा फारसं समजलं नव्हतं: "कापलंस तर कापलंस, पण गप कापू नको. येऊन सांग." मोठं नाव छोट्या जागेत कापून बसवलं आणि कुणाला कळवलं नाही, हा त्यांच्या मते सांडण्याइतकाच गुन्हा. सांडलं तर निदान चिखल तरी दिसतो, असं ते म्हणायचे.

तर अशा माणसाच्या हाताखाली राहून मी काय केलं असेल? मी स्ट्रकॉपी वापरलं. मला माझी बाजू मांडू द्या. घाई होती, आणि माझा हिशेब पक्का होता. मराठीतलं एकेक चिन्ह संगणकात तीन घरं घेतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांना प्रत्येकी तीन. ऑफिसात चाचणीला एकच बोर्ड होता आणि मी पेडणे तालुक्यातली. बोर्डावर काही टाकून बघायचं झालं की माझी बोटं आपोआप 'पेडणे' टाइप करायची. पेडणेची होतात पंधरा घरं, वर एक शून्य, एकूण सोळा. मी जागा राखली होती सोळा. महिनाभर मी पेडणे पेडणे करत राहिले आणि बोर्ड महिनाभर माझ्या तालुक्याचं नाव झळकवत राहिला. जगात दुसरी गावं असतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

विश्रामबाबांनी ते पकडलं कसं नाही? त्याला मीच जबाबदार. त्या दिवशी आमच्या गावची जत्रा होती आणि मी त्यांना जेवायला बोलावलं होतं. बाराची बस चुकली असती तर पुढची दोनला. आमच्याकडे प्रत्येक बदलाच्या वर लिहिणाऱ्याचं नाव असायचं आणि खाली तपासणाऱ्याची सही. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून सही करा, सही करा असा धोशा लावला. नाव पंधरा घरांचं, असं मी सांगितलं आणि त्यांनी बोटांवर मोजलं. पंधरा आणि एक सोळा. "काठार असा गो," ते पुटपुटले. मी म्हटलं, विश्रामबाब, आईने खतखतं केलंय, थंड होईल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले आणि सही केली. उभ्या आयुष्यात काठोकाठ भरलेला दिसूनही त्यांनी सोडलेला तो एकच टिपर. आमच्याकडे ते पोटभर जेवले आणि आईला म्हणाले की चेडू, म्हणजे मी, हुशार असा.

पुढच्या सोमवारी चाचणी सुरू झाली. बसमालकांच्या संघटनेचे म्होरके गुणोबाब यांनी आपल्या तीन बस आठवडाभरासाठी दिल्या होत्या. एक म्हापसा-पेडणे, एक म्हापसा-डिचोली, एक म्हापसा-वास्को. शुक्रवारी मालक स्टँडवर जमणार, बोर्ड बघणार आणि सगळ्या बसवर पेट्या घ्यायच्या की नाही ते सांगणार. उदयबाबांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. काम मिळालं तर आम्ही दोघंही राहणार. नाही मिळालं तर एकच माणूस ठेवता येईल, आणि तो मी, कारण माझ्याकडे पदवी होती. विश्रामबाबांनी यावर फक्त मान डोलावली. खाण गेली तेव्हा ते पन्नाशीच्या आत होते. त्यानंतर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना कोण विचारणार होतं?

पेडण्याची बस दिमाखात निघून गेली. डिचोलीच्या बसच्या ड्रायव्हरने 'डिचोली' निवडलं आणि बोर्ड विझला. डिचोलीला लागतात अठरा घरं आणि एक शून्य. शेवटच्या लीची वेलांटी काठाबाहेर सांडली ती थेट अशा जागी, जिथे बोर्डाने पुढे काय करायचं त्याचा पत्ता लिहिलेला होता. पेटी बंद पडून पुन्हा सुरू झाली, उठल्या उठल्या तिने जपून ठेवलेलं नाव उचललं, डिचोली, आणि पुन्हा पडली. असं ती उठत आणि पडत राहिली. वास्कोवालीचंही तेच. पेडण्याहून परतताना तिसरीने 'म्हापसा' म्हणायचा प्रयत्न केला आणि तीही झोपली. गुणोबाबांचा फोन आला तो बोर्डाबद्दल नव्हताच. बोर्ड गेला तर जाऊ दे, गाणी कुठे गेली ते सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. गाण्यांशिवाय बस म्हणजे प्रवाशांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला लागलं होतं.

विश्रामबाबांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. चाचणीत कुठलं नाव घातलं होतंस, असं विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं, पेडणे. ते डिचोलीचे. माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि आमच्या डिचोलेन काय पाप केल्यान गो?" मला हसूही आलं आणि रडूही.

तेवढ्यात उदयबाब आत आले. हे कुणाचं काम, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, पण विश्रामबाब माझ्या आधी बोलले. "खालची सही माझी. चूक माझी." उदयबाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते निघून गेले. मी उघडलेलं तोंड मिटलं. मला त्याची आजही लाज वाटते. मी गप्प राहिले कारण गप्प राहणं सोपं होतं, आणि विश्रामबाबांनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही.

अपराधी माणूस घाई करतो. उद्या सकाळी बसून नीट करू, असं विश्रामबाब म्हणाले होते. मी मंगळवारी सकाळी ते यायच्या आत दुरुस्ती केली. घरंदाज स्ट्रएसकॉपी घेतला, भांड्याचं माप विचारलं, आणि नवी आवृत्ती तिन्ही बसवर पाठवून दिली. पेट्या पडायच्या थांबल्या, गाणी सुरू झाली, मी जग जिंकलं. फक्त एक झालं होतं. मधल्या गडबडीत मी नाव ठेवायची पद्धत बदलली होती, आणि ज्याचं माप विचारलं ते आता भांडं नव्हतं, भांडं कुठे ठेवलंय ते सांगणारी चिठ्ठी होती. चिठ्ठीचं माप आठ घरं. आठात एक ताडपत्री, राहिली सात. सात घरांत मराठीची दोन चिन्हं बसतात आणि तिसऱ्याचा एक तुकडा.

अकराच्या सुमाराला आम्ही दोघं स्टँडवर गेलो. समोर पेडण्याची बस उभी होती, कपाळावर ठळक 'पे' आणि पुढे तुटक्या चिन्हाचा एक चौकोन. तिच्या बाजूला 'डि' आणि तसाच चौकोन. आणि त्यापलीकडे ऐटीत उभी असलेली वास्कोची बस. तिच्यावर लिहिलं होतं 'वा'.

बसखाली तिघं-चौघं प्रवासी माना वर करून उभे होते. एक म्हातारे गृहस्थ हातातली पावांची पिशवी सांभाळत कंडक्टरला विचारत होते की या बसची एवढी तारीफ कशासाठी चालली आहे. कंडक्टर तोऱ्यात सांगत होता की मालकांनी नवीन काढलंय. मी विश्रामबाबांकडे बघायची हिंमत करत नव्हते. मग बाजूने एक चमत्कारिक आवाज यायला लागला. बघते तर विश्रामबाब हसत होते. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्यांनी चष्मा काढला आणि ते फलाटाच्या कठड्यावर बसलेच. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. एक बोट त्या बोर्डाकडे करून ते "वा" म्हणायचे आणि पुन्हा वाकायचे. मलाही राहवेना. आमचं सगळं बुडत होतं आणि आम्ही भर स्टँडवर एकमेकांचे खांदे धरून हसत होतो. शेवटी एका बाईने आम्हाला पाणी आणून दिलं.

उठल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि गंभीर झाले. आधी सांडलंस, मग गप कापलंस, असं म्हणाले. दोन्ही करून झालं, आता तिसरं करू. ते तिसरं आम्ही बुधवार आणि गुरुवार केलं. जागा चौसष्ट घरांची केली. नावाबरोबर भांड्याचं खरं माप प्रत्येक ठिकाणी हातात हात धरून पाठवलं. स्ट्रएसकॉपीने परत येऊन मावलं नाही असं सांगितलं, तर ते ऐकून घ्यायला कुणीतरी दारात उभं राहील अशी सोय केली. तसं झालं की आधीचं नाव तसंच ठेवायचं आणि ड्रायव्हरच्या पडद्यावर लिहायचं, नाव मोठं आहे, मावत नाही. मग विश्रामबाबांनी मला बसवून गोव्यातल्या झाडून साऱ्या गावांची नावं टाइप करायला लावली. गावं संपल्यावर वाडे. वाडे संपल्यावर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, आजोबा, पणजोबा आणि कुलदेवतेसकट. पडद्यावर अक्षरं आली, नाव मोठं आहे, मावत नाही. विश्रामबाब खूष झाले. आपल्या घराण्याला एका बोर्डात बसवणं सोपं नाही, हे त्यांना सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

शुक्रवार उजाडला. म्हापशाचा शुक्रवार म्हणजे स्टँडपर्यंत बाजार सांडलेला. सुक्या मासळीवाल्या, भाजीवाल्या, झेंडूच्या माळा, आणि त्यातून वाट काढत आलेले पंधरा-वीस बसमालक. गुणोबाब स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर चढले. पेडणे झालं, डिचोली झालं, वास्को झालं. मग त्यांनी खोडसाळपणे आपल्या दोन्ही मुलींची, बायकोची आणि ग्रामदेवतेची नावं सलग घातली. पडद्याने त्यांना नम्रपणे सांगितलं की मावत नाही. गुणोबाब मोठ्याने हसले. माझ्या बसमध्ये मावत नाही म्हणणारं हे पहिलंच कुणीतरी, असं ते म्हणाले, आणि सगळे मालक हसले.

मग ते खाली उतरले आणि त्यांनी विचारलं, सोमवारी तो गोंधळ कुणी केला होता. तोच माणूस पुन्हा हात लावणार असेल तर विचार करावा लागेल. उदयबाब कसलेले धंदेवाईक. त्यांनी गिऱ्हाइकाला हवं ते लगेच पुढे केलं. म्हणाले, चूक या विश्रामबाबांची होती, पण काळजी नको, यापुढे ते या कामावर नसतील.

विश्रामबाब बाजूलाच उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. मला तो चष्मा पुसणारा हात बघवेना. मी पुढे होऊन म्हटलं, "सोमवारचं माझं. मंगळवारचंही माझंच. ते मी गप ठेवलं. आज जे चालतंय ते मात्र त्यांचं आहे."

उदयबाबांचं तोंड वासलेलं होतं. विश्रामबाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे त्यांना सांगितलं, "हिचा नाव वरती आधीपासून लिवलेला असा. तुमी वाचूक नाय." त्यात काही खोटं नव्हतं. लिहिणाऱ्याचं नाव प्रत्येक बदलाच्या वर असतंच. चार दिवस मी जे लपवत होते ते कुणीही एका क्लिकने वाचू शकलं असतं, आणि कुणी वाचलं नव्हतं. मला भर बाजारात हसू फुटलं.

गुणोबाबांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघितलं. उदयबाबांना म्हणाले, माझे ड्रायव्हर गाडी घासून आणतात आणि कुत्रा आडवा आला असं सांगतात. इथे एक दुसऱ्याची चूक स्वतःवर घेतोय आणि दुसरी भर बाजारात स्वतःची सांगतेय. मग कोकणीत म्हणाले, "दोगांकय दवर. एकल्याक काडलो जाल्यार म्हाका पेटी नाका." दोघांनाही ठेवायचं, एकाला काढलं तर पेटी नको. बाकीच्या मालकांनी माना डोलावल्या, आणि उदयबाबांनी घाईघाईने अशी मान डोलावली की जणू हे त्यांच्या मनातच होतं. सगळ्या बसवर पेट्या ठरल्या.

मला वाटलं, विश्रामबाब आता काहीतरी बोलतील. ते वळले, तीन फलाट ओलांडून डिचोलीच्या बसकडे चालायला लागले आणि चढून खिडकीपाशी बसले. ऑफिसची वेळ होती, उदयबाब मागून हाका मारत होते, कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. मी धावत जाऊन त्यांच्या मागच्या सीटवर बसले. कुठे चाललात, मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघतच सांगितलं की कुठे नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मीही केला नाही.

बस सुटली. गाणी मोठ्याने लागली होती. पहिल्याच थांब्यावर भाजीची टोपली घेऊन एक म्हातारी चढली. चढण्याआधी तिने मान वर करून उजळलेला बोर्ड चांगला निरखून बघितला होता, हे मी खिडकीतून पाहिलं. वर येऊन ती विश्रामबाबांच्या सीटपाशी थांबली आणि तिने विचारलं, "ही डिचोली वता मरे?"

मी मागच्या सीटवरून पुढे वाकले. पाच दिवस, चौसष्ट घरं, दोन माणसांच्या नोकऱ्या, आणि बोर्ड बघूनही ही विचारते, डिचोलीला जाते ना. विश्रामबाबांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की मला ते पाठमोऱ्या डोक्यावरूनही दिसलं.

"व्हय गे मावशे," ते म्हणाले, "आख्खी डिचोली." आणि सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.